घोडेगावचा कांदा आणि पेट्रापोलचे दार

अहिल्यानगर जिल्ह्याला कोणत्याही परदेशाची हद्द लागत नाही. तरीही नेप्ती किंवा घोडेगावच्या उपबाजारात लिलावाला गोणी उतरली की एक प्रश्न हमखास विचारला जातो : बांगलादेशाची बॉर्डर चालू आहे का? उत्तर 'चालू' असेल तर बोली चढते. 'बंद' असेल तर गावरान कांदा चाळीतच बरा, असे शेतकरी मनाशी ठरवतो आणि गोल्टी, म्हणजे बारका कांदा, मिळेल त्या भावाला देऊन टाकतो. ही बॉर्डर म्हणजे पश्चिम बंगालमधले चार-पाच नाके : पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली. नगरहून पेट्रापोलपर्यंतचा ट्रकचा रस्ता दोन हजार किलोमीटरच्या घरातला आहे.

शेजारी देशांच्या हद्दीवर नवे नाके बांधावेत का, किती, कुठे आणि कोणाच्या पैशाने, ही चर्चा दिल्लीत गेली वीस-बावीस वर्षे चालू आहे. तिची झळ मात्र पारनेर-नेवाशापर्यंत येते. म्हणून ही चर्चा आज कुठे येऊन ठेपली आहे, ते इथूनच पाहू.

नगरची जुनी हद्द

हद्द आणि नाका या गोष्टी नगरकरांना तशा परक्या नाहीत. सप्टेंबर १९४८ पर्यंत गोदावरीपलीकडचे गंगापूर आणि पैठण निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे चलन वेगळे होते, हाली सिक्का, आणि जकातीचे खातेही वेगळे, ज्याला लोक करोडगिरी म्हणत. प्रवरासंगमाजवळच्या टोक्याहून नदी ओलांडून कायगावला जाणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. १५ ऑगस्ट १९४७ पासून पोलीस कारवाई होईपर्यंतच्या तेरा महिन्यांत तर ती भारत आणि भारतात विलीन न झालेले संस्थान यांच्यातली हद्द होती. आज त्याच जागी नगर–संभाजीनगर महामार्गाचा पूल आहे. तो ओलांडताना एखाद्या ट्रकवाल्याला इथे कधी जकात भरावी लागे, हे सांगितले तर तो हसेल.

या आठवणीचा आजच्या प्रश्नाशी संबंध एवढाच, की नाका कायमचा नसतो. राजकारण बदलले की तो नाहीसा होतो, आणि राजकारणच बदलले की नव्याने उभाही राहतो.

नाक्यांचा नवा कारखाना

भारताची जमिनीवरची सीमा सुमारे १५,१०६ किलोमीटर आहे. त्यातली ४,०९६ किलोमीटर एकट्या बांगलादेशाशी आहे. या सीमेवर सीमाशुल्क खात्याची अधिसूचित ठिकाणे शंभराहून अधिक आहेत, पण त्यांपैकी कित्येक ठिकाणी बरीच वर्षे एक खोली, एक अडसर आणि एक रजिस्टर याहून फारसे काही नव्हते. सीमाशुल्काचे कार्यालय एकीकडे, पारपत्र तपासणी दुसरीकडे. गोदाम नाही, शीतगृह नाही, वाहनतळ नाही. शेतमालाला लागणारी वनस्पती-संगरोध तपासणी करायची तर नमुना दूरच्या शहरात पाठवायचा.

एकाच आवारात सगळी खाती आणायची, ही 'एकात्मिक तपासणी नाक्या'ची कल्पना २००३ च्या सुमारास सचिवांच्या समितीने मांडली. पहिल्या आराखड्यात असे १३ नाके होते. त्यासाठी २०१० मध्ये संसदेने कायदा केला आणि १ मार्च २०१२ रोजी गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत भारतीय लँड पोर्ट प्राधिकरण अस्तित्वात आले. व्यापाराचा नाका गृह मंत्रालयाकडे असावा की वाणिज्य मंत्रालयाकडे, हा वाद तेव्हाही होता आणि पुरता मिटलेला आजही नाही.

पहिला नाका एप्रिल २०१२ मध्ये पाकिस्तानच्या हद्दीवरच्या अटारीला उघडला. त्यानंतर २०१३ मध्ये आगरतळा, २०१६ मध्ये रक्सौल, पेट्रापोल आणि जोगबनी, २०१९ मध्ये मोरे, २०२३ मध्ये डावकी आणि रुपैडिहा, मार्च २०२४ मध्ये त्रिपुरातले सब्रूम, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भूतानच्या हद्दीवरचे आसाममधले दरंगा. पेट्रापोलला ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी प्रवासी इमारत आणि 'मैत्री द्वार' नावाचा मालवाहतुकीचा मार्ग सुरू झाला. यादी लांबते आहे, हे निर्विवाद. ती लांबावी का, आणि कोणत्या दिशेने, यावर मात्र मतांचे चार-पाच प्रवाह आहेत.

'आणखी दारे हवीत'

पहिला प्रवाह व्यापाऱ्यांचा, निर्यातदारांचा आणि जागतिक बँकेसारख्या संस्थांचा. भारत–बांगलादेश जमिनीवरच्या व्यापारातला सुमारे ७० टक्के भाग एकट्या पेट्रापोलमधून जातो. एकाच दारावर एवढा भार असल्यावर रांग लागणारच. जागतिक बँकेने मार्च २०२१ मधल्या अहवालात एक तुलना मांडली होती : पेट्रापोल–बेनापोल ओलांडायला कित्येक दिवस लागतात, तर पूर्व आफ्रिकेसह जगात इतरत्र तेवढीच वर्दळ असलेले नाके सहा तासांच्या आत पार होतात. पूर्व आफ्रिकेचे उदाहरण मुद्दाम दिले आहे. तिथले देश श्रीमंत नाहीत. त्यांनी दोन्ही देशांची तपासणी एकाच छपराखाली, एकदाच करायची पद्धत स्वीकारली. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामधले चिरुंडू २००९ मध्ये याच पद्धतीने सुरू झाले आणि आफ्रिकेतला तो पहिला प्रयोग मानला जातो.

आपल्याकडे अजून तसे नाही. भारतीय ट्रक पेट्रापोलपलीकडच्या बेनापोलच्या आवारापर्यंत जातो आणि तिथे माल बांगलादेशी ट्रकमध्ये चढतो. गोणी एकदा नगरला भरलेली, एकदा बेनापोलला उतरवलेली, पुन्हा चढवलेली. प्रत्येक हाताळणीत साल निघते, डागी माल वाढतो. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी १५ जून २०१५ रोजी थिम्पूत मोटार वाहन करार केला, तेव्हा एका देशाचा ट्रक थेट दुसऱ्याच्या बाजारपेठेपर्यंत जाईल अशी आशा होती. पुढल्याच वर्षी भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. बाकीच्या तिघांचे घोडेही फारसे पुढे गेले नाही.

कांद्याच्या बाबतीत या प्रवाहाचे म्हणणे सर्वांत ठाशीव वाटते, कारण कांदा थांबत नाही. कापड आठ दिवस उभे राहिले तर व्याज जाते. ताडपत्रीखाली सप्टेंबरच्या दमट हवेत आठ दिवस उभा राहिलेला कांदा कोंब धरतो, नाहीतर पाणी सोडतो. त्यातही उन्हाळी गावरान माल काही दिवस तग धरतो, खरिपाच्या लाल कांद्याला तेवढाही दम नसतो.

'दार म्हणजे पहाराही'

दुसरा प्रवाह सुरक्षा यंत्रणांचा, आणि त्याला केवळ संशयखोर म्हणून बाजूला सारता येत नाही. २९ जून २०१९ रोजी अटारीच्या नाक्यावर पाकिस्तानातून आलेल्या सैंधव मिठाच्या गोण्यांत ५३२ किलो हेरॉइन सापडले. खुला नाका नसता तर ते आलेच नसते असे कोणी म्हणेल, आणि नाक्यावर तपासणी नसती तर ते सापडलेच नसते असेही कोणी म्हणेल. एकाच घटनेतून दोन्ही निष्कर्ष निघतात. म्हणूनच सुरक्षा यंत्रणांतही एकमत नाही. काहींच्या मते मोजकी, मोठी, यंत्रांनी सज्ज दारे ठेवावीत आणि बाकीची बंद करावीत. काहींच्या मते अधिकृत वाट जवळ असली की चोरवाटांचे आकर्षण कमी होते. २०११ पासून मेघालयाच्या सीमेवर भरणारे सीमा-हाट या दुसऱ्या विचाराचे फळ आहे.

म्यानमारच्या बाजूला वारे उलट वाहते आहे. मोरेचा एकात्मिक नाका जानेवारी २०१९ मध्ये उघडला. पुढे तिकडचे यादवी युद्ध आणि इकडची मणिपूरची अशांतता, यांमुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने मुक्त संचाराची व्यवस्था संपवण्याचे आणि कुंपण घालण्याचे जाहीर केले. नाका तोच राहिला, त्याच्या आजूबाजूचे धोरण पाच वर्षांत पालटले.

नाक्यावर राहणाऱ्यांचे गणित

तिसरा आवाज सीमेवरच्या गावांचा आहे, आणि दिल्लीच्या अहवालांत तो सर्वांत कमी ऐकू येतो. पेट्रापोललगतच्या बनगावमध्ये वर्षानुवर्षे ट्रक थांबत आले. त्यावर वाहनतळ, खाणावळी, हमाल आणि दलाल यांची एक पूर्ण अर्थव्यवस्था उभी राहिली. रांग ही नगरच्या निर्यातदाराला पीडा आहे आणि बनगावच्या कित्येक घरांची भाकरी आहे. २०२२ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने शुल्क भरून ऑनलाइन क्रमांक घेण्याची 'सुविधा' पद्धत आणली. तेव्हा वेळ वाचतो म्हणून काहींनी स्वागत केले, आणि रांगेचा खर्च आता सरकारी पावतीवर आला एवढेच, अशी कुरकूरही झाली.

रस्त्याचाही प्रश्न आहे. पेट्रापोलकडे जाणारा जेसोर रोड दुतर्फा जुन्या, प्रचंड झाडांचा आहे. रुंदीकरण आणि रेल्वे उड्डाणपुलांसाठी त्यातली ३५६ झाडे तोडायची की नाही, यावर वर्षानुवर्षे खटला चालला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडीला परवानगी दिली. नाक्याची किंमत मोजताना ही झाडे कोणत्या रकान्यात लिहायची?

याच्या उलटही घडते. अटारीवर २०१९ मध्ये पाकिस्तानशी व्यापार थांबल्यावर हमाल आणि ट्रकमालक यांचे काम एकाएकी सरले. ज्यांनी नाक्याच्या भरवशावर कर्ज काढून गाड्या घेतल्या होत्या, त्यांना गाड्यांचे काय करायचे हे कोणी सांगितले नाही.

पलीकडची बाजू

नाका एकट्याने बांधता येत नाही. चर्चेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि आराखड्यांत बहुधा शेवटच्या पानावर ढकललेला मुद्दा हाच आहे.

नेपाळशी हे बऱ्यापैकी जमले. रक्सौलसमोर वीरगंज आणि जोगबनीसमोर विराटनगर येथे भारताच्या मदतीने जोडीचे नाके उभे राहिले, पहिला २०१८ मध्ये, दुसरा २०२० मध्ये. पण याच रक्सौल–वीरगंजच्या वाटेवर सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात नाकेबंदी झाली आणि नेपाळात इंधन व औषधांचा तुटवडा पडला. ती भारताने केली की मधेशी आंदोलकांनी, यावर दोन देशांची दोन उत्तरे आहेत. त्यानंतर काठमांडूने चीनशी वाहतुकीचा करार केला, हे मात्र दोन्हीकडे मान्य आहे.

सब्रूमचे उदाहरण वेगळ्या अर्थाने बोलके आहे. फेनी नदीवरचा १.९ किलोमीटर लांबीचा मैत्री सेतू मार्च २०२१ मध्ये खुला झाला. तिथून चट्टग्राम बंदर सुमारे ८० किलोमीटरवर. त्रिपुरासारख्या कोंडलेल्या राज्याला समुद्र एवढ्या जवळ यावा, ही कल्पनाच भुरळ घालणारी होती. तीन वर्षांनी भारताच्या बाजूला लँड पोर्टही तयार झाला. पलीकडे रामगडला सुरुवात होण्याच्या बेतात असताना ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले आणि काम लांबले. पूल आहे, इमारत आहे, वाहतूक नाही.

पाकिस्तानातल्या करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गाचे मात्र सगळे विलक्षण वेगाने झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन्ही बाजूंना कोनशिला बसली, २४ ऑक्टोबर २०१९ रोजी करार झाला आणि ९ नोव्हेंबरला मार्ग खुला. रोज ५,००० भाविक, व्हिसा नाही, पण पाकिस्तानचे २० डॉलर शुल्क. भारताच्या बाजूचे डेरा बाबा नानक गुरदासपूर जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यात नामदेवांचे घुमान, जिथे एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे मराठी साहित्य संमेलन भरले होते, त्यामुळे हा मुलूख आपल्याला अगदीच अनोळखी नाही. दोन वैरी शेजारी मनात आणले तर एका वर्षात दार उघडू शकतात, हे करतारपूरने दाखवले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे ते बंद झाले, नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडले, आणि ७ मे २०२५ रोजी भारताने ते पुन्हा बंद केले. अटारीचे दार त्याच्या दोन आठवडे आधी, पहलगामच्या हल्ल्यानंतर लगेच बंद झाले होते.

पैसा कोणाचा, हाही याच बाजूचा प्रश्न. अमेरिकेतले डेट्रॉइट आणि कॅनडातले विंडसर यांच्यामधल्या नव्या गॉर्डी हाउ पुलाचा खर्च कॅनडाने उचलला आणि तो टोलमधून वसूल करायचे ठरवले. १९२९ पासूनचा जुना पूल खासगी मालकीचा आहे, आणि त्या मालकांनी नव्या पुलाला वर्षानुवर्षे कोर्टात अडवले. करार २०१२ चा, काम सुरू झाले २०१८ मध्ये. जगातल्या दोन अतिशय मैत्रीपूर्ण शेजाऱ्यांची ही कथा आहे.

जमीन की समुद्र, की रूळ?

चौथा प्रवाह विचारतो : नाकेच का? मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे पेट्रापोलचा रस्ता अडला, तेव्हा लासलगावहून कांद्याची मालगाडी थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकात गेली होती. रेल्वेने माल एकरकमी जातो, दलाली कमी, हाताळणी कमी. पण वाघिणी भरण्याएवढा माल एकाच वेळी जमवणे मोठ्या निर्यातदारालाच परवडते. दहा-वीस टनांच्या ट्रकवर चालणाऱ्या नगरच्या छोट्या व्यापाऱ्याला ट्रकच सोयीचा.

समुद्राचा पर्याय २०२५ मध्ये वेगळ्याच कारणाने पुढे आला. एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशाची पारगमन सवलत काढून घेतली, बांगलादेशाने जमिनीवरून येणारे भारतीय सूत थांबवले, आणि १७ मे रोजी भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरे मोकळी ठेवली. म्हणजे बनगावपासून काही किलोमीटरवर तयार झालेला शर्ट लंकेला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उतरू शकतो. नव्या लँड पोर्टवर खर्च चालू असतानाच जुन्या लँड पोर्टचा उपयोग कमी करणारे आदेश निघाले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी समर्थनीय असतीलही. त्या एकमेकींना ओळखत नाहीत एवढे खरे.

दार उघडे, माल बंद

कांद्याच्या पट्ट्यात या साऱ्या चर्चेकडे थोड्या थंडपणे पाहिले जाते. त्याचे कारण तारखांत आहे. २९ सप्टेंबर २०१९ : निर्यातबंदी. १४ सप्टेंबर २०२० : पुन्हा बंदी. १९ ऑगस्ट २०२३ : ४० टक्के निर्यातशुल्क. त्याच ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. ८ डिसेंबर २०२३ : बंदी. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी संपले. या पाच-सहा वर्षांत पेट्रापोलला किती चौरस मीटरचे गोदाम वाढले, हे घोडेगावच्या लिलावाला लागू पडत नव्हते.

ग्राहक व्यवहार मंत्रालयाची बाजूही नोंदवली पाहिजे. शहरातल्या ग्राहकाला शंभर रुपये किलोचा कांदा घ्यावा लागतो, तेव्हा कोणत्याही पक्षाचे सरकार दार लोटून घेते. दारातून माल आतही येतो : डिसेंबर २०१० मध्ये भाव कडाडले तेव्हा वाघा मार्गाने पाकिस्तानी कांदा आला होता, आणि पुढच्याच महिन्यात पाकिस्तानने स्वतःच्या ग्राहकांसाठी जमिनीवरून ती निर्यात थांबवली. बांगलादेशही काही वेगळे करत नाही. कांदा आयातीला तिथल्या कृषी खात्याचा परवाना लागतो आणि देशी पीक बाजारात असताना तो परवाना रोखला जातो. त्यांच्या पाबना-फरीदपूरच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. नगरच्या शेतकऱ्याने याबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असा प्रश्न इथलेच काही जुने शेतकरी कार्यकर्ते विचारतात.

जे ठरलेले नाही

मोजायचे काय, यावर एकमत नाही. सीमाशुल्क विभाग माल सुटायला लागणारा वेळ मोजतो, आणि २०२१ पासून तो अभ्यास नियमित होतो, ही चांगली गोष्ट आहे. पण नाक्याबाहेरच्या वाहनतळातली वाट, पलीकडच्या आवारातली वाट आणि तेवढ्यात खराब झालेला माल हे तिन्ही एका हिशेबात कोणी धरत नाही. त्यामुळे 'नव्या नाक्याने फायदा झाला' आणि 'काही फरक पडला नाही' ही दोन्ही विधाने आपापल्या आकड्यांनी सिद्ध करता येतात.

नाक्यावरच्या निर्णयात राज्यांचे स्थान काय, हेही अस्पष्ट आहे. सीमा केंद्राची, जमीन आणि रस्ता पश्चिम बंगालचा, माल महाराष्ट्राचा. यातल्या तिसऱ्याला टेबलावर खुर्चीच नाही.

आणि सर्वांत अवघड म्हणजे पूर्वसूचनेचा प्रश्न. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी भाषणात, बंदीमुळे आपण स्वयंपाक्याला कांदा वगळायला सांगितल्याचे हसत हसत सांगितले आणि पुढच्या वेळी आधी कळवा, अशी विनंती केली. वर्षभरातच, सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली ती त्याच दिवसापासून लागू. पेट्रापोल, महदीपूर, हिलीला भरलेले ट्रक उभेच राहिले. चार-पाच दिवसांनी सीमाशुल्काच्या ताब्यात आधीच आलेला माल, बांगलादेशासाठी २५,००० टन, सोडायची मुभा मिळाली, तोवर बऱ्याच गोण्यांतून पाणी गळत होते. बंदी घालण्याचा सरकारचा अधिकार कोणी नाकारत नाही. वाटेत असलेल्या मालाला ती लागू व्हावी का, नसेल तर 'वाटेत' नेमके कुठून धरायचे, नेप्तीच्या काटापट्टीपासून की पेट्रापोलच्या फाटकापासून, आणि मधल्या नुकसानीचा भार कोणी उचलायचा, याचा नियम अजून ना लँड पोर्टच्या कायद्यात आहे, ना निर्यातबंदीच्या अधिसूचनांत.